साडूंची सीडी

आमच्या साडूंना स्वस्थ बसलेलं पाहणारा माणूस पालघर जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही. बोईसरच्या कारखान्यात आठ तास भट्टीपुढे उभं राहून आल्यावर ते घरातही उभेच. जेवताना दोनदा उठून खिडकीतून डोकावतात. कोण येणार असतं, देव जाणे! त्यांना जागी खिळवणारी गोष्ट एकच, टीव्हीला गेमचं मशीन जोडून लेकीबरोबर खेळायची गाड्यांची शर्यत. खेळ मात्र दुकानातून सीडीवर आणलेलाच हवा. नेटवरून विकत घेणं म्हणजे त्यांच्या मते न बघता मासळी घेणं. घराणं तारापूरकडच्या कोळ्यांचं; पापलेटचा कल्ला उचलून पाहावा तशी ते सीडी उजेडात फिरवून पाहतात. "जी वस्तू हातात येत नाय, ती आपली कशी?" हा त्यांचा कायमचा सवाल.

मध्यंतरी लेकीला नागपूरच्या इस्पितळात नर्सची नोकरी लागली. रविवारी ती निघणार, म्हणून गुरुवारी साडूंनी शर्यतीचा नवा खेळ आणला. सीडी घातली, तर मशीन म्हणतं, उरलेला अर्धा खेळ नेटवरून उतरवा! त्यात घरच्या नेटचं महिन्याचं माप संपलं आणि पुढचं थेंबाथेंबानं यायला लागलं. साडू तडक दुकानात. "पोकळ चिंबोरी दिलीस मला, नुसतंच खेकड्याचं कवच!" दुकानदारानं हात जोडले. हल्ली सगळ्याच सीड्या अशा येतात म्हणे.

शनिवारी सकाळी मशीन चादरीत गुंडाळून, लेकीला घेऊन स्वारी पालघरला आमच्या दारात. माझं नेट बिनमापाचं. पण खेळ उतरेपर्यंत साडूंनी करायचं काय? त्यांनी आमच्या दारांच्या बिजागऱ्यांना तेल घातलं, हिच्या कुंड्या इकडच्या तिकडे केल्या आणि दर दोन मिनिटांनी "किती झाला?" म्हणून विचारलं. चाळीस टक्क्यांवर मीही येरझाऱ्या घालू लागलो. दुपारी एकदाचा खेळ सुरू झाला. मग अंधार पडेपर्यंत बापलेक जागचे हलले नाहीत.

निघताना त्यांनी सीडी रुमालात गुंडाळून लेकीच्या पर्समध्ये घातली.

"बाबा, तिकडं मशीन नाय."

"नसू दे. मशीन माज्याकडं, सीडी तुज्याकडं."

मी चेष्टेनं म्हटलं, "नेटवरून घेतला असता तर तिला तिकडे मोबाइलवरही खेळता आलं असतं."

"म्हनूनच नाय घेतला, साडूभाव. आता खेळायला तिला घरीच यायला लागल."



परवा बोईसरला त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. सीडीची रिकामी डबी टीव्हीशेजारी उभी होती. साडू जेवताना दोनदा उठले आणि खिडकीतून डोकावले. कोणाला शोधतात, हे मी या वेळी विचारलं नाही.