एंटरची सवय

आमच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरला मी नवं रूप दिलं, तेव्हा एंटरचं कामही बदललं. आधी एंटर दाबलं की पुढचा रकाना यायचा; आता नोंद थेट सेव्ह व्हायची. माझ्या मते ही मोठी सुधारणा होती. आठवड्याभरात विजय नगरच्या एका हार्डवेअरच्या दुकानातून तक्रार आली, नोंदी अर्ध्याच सेव्ह होतात. मी चिडूनच गेलो, शिकवायला.

तिथल्या हिशेबनीस काकू बिलावर डावं बोट ठेवून टाइप करत होत्या. स्क्रीनकडे त्या पाहतच नव्हत्या. तारीख, एंटर, नाव, एंटर. इतक्या वर्षांची ती लय मी न विचारता मोडली होती.

चूक माझीच आहे हे सांगितल्यावरही काकूंनी मला सुनावलं नाही, उलट चहा मागवला. म्हणाल्या, "मला वाटलं, वयामुळे माझीच बोटं चुकून राहिली. घरी सांगूनही टाकलं, आता नोकरी सोडते."

मी तिथेच बसून एंटरचं जुनं काम परत आणलं.

त्या चहाचे उपकार मी विसरलेलो नाही. आता काहीही बदलायच्या आधी काकूंच्या शेजारी जाऊन बसतो. बिलावरचं बोट न उचलता त्या विचारतात, "अच्छा भैया, आज काय बिघडवायला आले?"