कपाळावरचा भंडारा
भंडाऱ्याचा वास आला की मला अजून स्वतःची चीड येते. नव्वदच्या दशकात बारामतीत पुरुषांवर जीव जडलेल्या आम्हा चारपाच जणांना निवांत बसायला एकच घर होतं, इंदापूर रस्त्यावरच्या, यल्लम्माला सोडलेल्या जोगत्याचं. पुरुष म्हणून जन्मलेली, साडी नेसणारी ती बाई आलेल्याच्या कपाळाला भंडारा लावल्याशिवाय आत घ्यायची नाही. एका मंगळवारी पुण्याहून एक शिकलेले गृहस्थ आमचं मंडळ काढायला आले. शाळेमागच्या खोलीत सतरंजी अंथरली होती, तेवढ्यात ती दारात उभी राहिली, काखेत परडी आणि हातात आमच्यासाठी चहाची किटली. गृहस्थ तिच्यासमोरच म्हणाले, "साडीवाले नकोत. यांच्यामुळंच लोक आपल्याला हिजडे म्हणतात." ती माझ्याकडं वळली. "आरं, तूच सांग. मी हितं बसू का नको?" सकाळी तिनंच लावलेला भंडारा माझ्या कपाळावर होता. मी रुमाल काढला आणि तिच्या डोळ्यांदेखत भंडारा पुसला. किटली उंबऱ्यावर ठेवून ती निघून गेली, आणि तो चहा आम्ही निर्लज्जासारखे प्यायलो. परवा एका सभेत मी तिच्या घराबद्दल भरभरून बोललो. टाळ्या पडल्या. रुमालाचं मात्र मी सांगितलं नाही.