दिवसा मागितलेले आंबवण

सावित्राबाई कार्ल्याच्या डोंगरावरील एका वाडीतल्या. लोणावळ्यात सत्यमने बेगलचे दुकान थाटले, तेव्हापासून पीठ मळण्याचे काम त्यांच्याकडे आहे. बेगल म्हणजे कंकणाच्या आकाराचा मैद्याचा पाव. भट्टीत जाण्यापूर्वी तो गुळाच्या उकळत्या पाण्यात बुडवून काढावा लागतो. त्याची चव मात्र सर्वस्वी आंबवणावर. पीठ-पाण्याचे ते आंबट मिश्रण रोज ताजे पीठ घालून बरणीत जिवंत राखायचे, त्यातले थोडे मळताना मैद्यात घालायचे, थोडे पुढच्यासाठी ठेवायचे. मंगळवारी दुकान बंद असे. त्या दिवशी बरणी सावित्राबाईंबरोबर वाडीवर जाई आणि त्यांच्या फडताळात, घरच्या विरजणाशेजारी, विसावे.

पुढे कार्ला फाट्यावर विक्की नावाच्या तरुणाने तसेच दुकान काढले. शनिवार-रविवारी येणारे पाहुणे सत्यमला सांगू लागले की दोन्हीकडची चव एकच आहे. तेव्हापासून सत्यमच्या चित्तात संशयाने घर केले. संशयाची प्रकृतीच अशी की त्याला प्रत्येक गोष्ट पुरावा भासते. सावित्राबाई गप्प असल्या तर त्या काही लपवीत आहेत असे त्याला वाटे. हसल्या तर अधिकच. त्यांच्या पिशवीकडे त्याची नजर जाई. विक्कीला त्यांच्या दारात कोणीतरी पाहिले आहे, हे कानी आले तेव्हा त्याने त्यांना कामावरून काढण्याचे मनाशी ठरवले. त्या कामावरच सावित्राबाईंचे घर चालत होते.

तरीही एकदा विचारावे, म्हणून तो पीठ मळणाऱ्या सावित्राबाईंपाशी गेला.

"मावशी, विक्की तुमच्याकडे आला होता?"

"व्हय, आलता की. आंबवण मागाया."

"आणि?"

"दिवे लागल्यावर आलता. तवा कोन विरजण देतंय? मी न्हाई दिलं."

सत्यमने सुटकेचा श्वास घेतला. पण तो पुरता सुटण्याआधीच शंका परतली. मग चव एकच कशी?

"दुसऱ्या दिशी सकाळच्याला आला," सावित्राबाई तितक्याच सहज म्हणाल्या. "तवा दिलं वाटीभर."

"पैसे किती घेतले?"

त्यांनी प्रथमच पिठावरची नजर वर केली. "विरजणाचं कोन पैसं घेतं? दिवसाउजेडी दारात आलेल्याला न्हाई म्हनू नये. तुमी दिलं नसतं व्हय?"

चोरी म्हणावी तर लपवाछपवी नव्हती. फितुरी म्हणावी तर लोभ नव्हता. काढून टाकण्याचे शब्द त्याच्या ओठांवर आले नाहीत. यापुढे बरणी दुकानातच राहील आणि मंगळवारी आपण स्वतः तिच्यात पीठ घालू, एवढेच त्याने सांगितले.

"आन् कुनी मागितलं तर?"

"द्यायचं नाही."

सावित्राबाईंनी हात धुतले, पदराला पुसले. "मंग त्याला माझा हात नगं. मी गुळाच्या पान्याकडं बघते."

त्या आजही तिथेच आहेत. उकळत्या पाण्यात बेगलची कच्ची कडी सोडतात, झाऱ्याने काढतात. आंबवण बिघडले की सत्यम बरणी त्यांच्यासमोर धरतो. त्या दुरूनच वास घेऊन काय बिघडले ते सांगतात, झाकणाला मात्र हात लावत नाहीत. त्या खरेच सांगतात की नाही, हे तो अजूनही त्यांच्या चेहऱ्यावर शोधत असतो. आणि मागणाऱ्याला दारातून परत पाठवणाऱ्या या माणसाकडे त्याही तितक्याच साशंक दृष्टीने पाहतात.