आधी मुलीला सांगायचं

ईरा, अन्वय, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "नसीमाआजी डॉक्टर होत्या का?" मी नुसतं 'नाही' म्हटलं. तिला जाऊन महिना झाला, पण ते उत्तर अर्धवट राहिल्यासारखं वाटतंय, म्हणून लिहिते आहे.

नसीमा माझ्याच शाळेत विज्ञान शिकवायची. निवृत्तीनंतर ती इथल्या एका इस्पितळात दर बुधवारी बसू लागली. ज्या मुलांना कॅन्सर झाल्याचं नुकतंच कळलेलं असे, त्यांना आणि त्यांच्या आईवडिलांना आजार समजावून सांगायची. मुंबईहून आलेले इंग्रजी कागद मराठीत सांगायला मी सोबत जायची. तिची पद्धत मात्र उलटी होती... आधी मुलाला सांगायचं, आईवडिलांनी नुसतं ऐकायचं आणि मग मुलानेच ते त्यांना समजावायचं.

जयगडची आर्या तेव्हा आठ वर्षांची होती. रक्ताचा कॅन्सर. "तिच्यासमोर ते नाव घेऊ नका, बाई," तिची आई सुलभा गयावया करत होती.

"मी नाही घेतलं तर शेजारच्या खाटेवरचं पोर घेईल. कुणाकडून ऐकलेलं बरं?" नसीमा म्हणाली. मग तिने आर्यालाच विचारलं, हे कशामुळे झालं असं तुला वाटतं? आर्या हळूच म्हणाली, "मी आईशी खोटं बोलले म्हणून." सुलभाला रडू आवरेना. नसीमा आर्याला म्हणाली, "खोटं तर मीही बोलते. वय विचारून बघ मला! त्याने कुणाला कॅन्सर होत नाही." आर्या त्या दिवशी पहिल्यांदा हसली.

पहिल्या औषधांनी ताप उतरला, पोर खेळू लागली आणि बंदरात कामाला असलेल्या तिच्या वडिलांनी ठरवलं, आता पुढच्या औषधांसाठी मुंबईला जायला नको. "बरी झाली ना? परत सुया कशाला?" नसीमाने वाद घातला नाही. आर्याकडे वळून म्हणाली, "सांग गो बापाला."

"बाबा, भाताची बेणणी आपण एकदाच करतो काय?"

"नाय गो. तण परत येतं."

"माझ्या रक्तात पण तसंच हाय. वरून दिसत नाय."

त्याने तिच्या हातावरच्या सुईच्या खुणेवरून बोट फिरवलं. "आणि दुखतं ते?"

"दुखतं. पण आता मला सांगून टोचतात."

त्याने डोळे पुसले. "गाडी कधीची हाय?"

"सकाळची," नसीमा म्हणाली. "भाकरी बांधून घ्या. तिकडचं जेवण हिला जात नाही."

उपचार लांबले, मधे वाईट दिवसही आले, पण संपले. सगळीच मुलं वाचली नाहीत, हे तुमच्यापासून लपवत नाही. नसीमानेही लपवलं नसतं.

गेल्या बुधवारी मी गेले, तेव्हा तिच्या जागी सुलभा बसली होती. समोरच्या बापाने विचारलं, "पोरीला बाहेर बसवू काय?"

"नको," सुलभा म्हणाली, "तिच्याशीच बोलायचंय."

आर्या यंदा नववीत आहे.