कचारगडच्या पायथ्याशी न गेलेला माणूस

श्रीमान सोमाजी पटले यांना मी प्रथम पाहिले ते सालेकशाच्या रानात, मेलेल्या सांबराजवळ उकिडवे बसलेले. गुरांच्या दवाखान्यात त्यांचा मदतनीस म्हणून मी त्याच दिवशी रुजू झालो होतो. पोट फाडून पाहावे, असे मी शहाणपणाने सुचवले. साहेब म्हणाले, "फाशीचा रोग असंल तर फाडल्यानं साऱ्या रानात पसरंल. कानाच्या टोकाचं थेंबभर रक्त काचेवर घ्या, पुरते."

रानातले जनावर मेले की रोग आठवडाभरात गावच्या गोठ्यात येतो, हे साहेबांनी ओळखले होते. म्हणून बातमी आणणाऱ्या गुराख्याला ते आधी खाटेवर बसवत, पाणी देत, मग विचारपूस करत. वरिष्ठ हसत, पण गोंड गुराखी मैलोन्‌मैल चालत येत ते या मानापायी.

एका उन्हाळ्यात साहेब हिवतापाने अंथरुणाला खिळले होते. कचारगडच्या पायथ्याशी रानगवा मेल्याचा, नाकातून रक्त गेल्याचा मंगरू गुराख्याचा निरोप आला. साहेबांनी मला पाठवले. अर्ध्या वाटेत उन्हाने माझा धीर सुटला. एका पाड्यावर धडधाकट बैल बांधलेला होता. त्याच्याच कानाचे रक्त काचेवर घेतले आणि चिठ्ठीवर 'रानगवा' असे लिहून मोकळा झालो. हे लिहिताना आजही मान वर होत नाही.

प्रयोगशाळेचे उत्तर आले, रोग नाही. माझ्या चिठ्ठीवर विसंबून साहेबांनी तिथली चराई चालू ठेवली. मंगरूचे दोन्ही बैल फाशीने गेले, पाठोपाठ गावातली आणखी गुरे.

साहेब अंगात ताप असताना तिथे गेले. मी मागे होतो. मंगरू म्हणाला, "गव्यावरचे कुत्रे हाकलत दिवसभर वाट पाहून राहिलो होतो जी. तुमचा मानूस आलाच नाही."

साहेबांनी माझ्याकडे एकदाच पाहिले. मग गावकऱ्यांना म्हणाले, "माह्यी चूक झाली. मी कोणाले पाठवलंच नाही."

मी ती चूक त्यांच्याच नावावर राहू दिली. त्यानंतर कित्येक वर्षे त्या पट्ट्यातून साहेबांकडे एकही निरोप आला नाही. जन्मभर जोडलेला विश्वास माझ्यामुळे तुटला. मला मात्र त्यांनी काम शिकवणे थांबवले नाही, की कधी टोचून बोलले नाहीत. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते.

साहेबांच्या साठीनिमित्तच्या या गौरवग्रंथात मी हेच लिहिणार, असे परवा त्यांना सांगितले. ते रागावले. "काऊन लिहून राहिले? तुमच्या लेकराबाळांनी वाचलं तर?"

त्यांचा शब्द मी आज दुसऱ्यांदा मोडतो आहे. साहेबांना निरोगी आणि उदंड आयुष्य लाभो, आणि त्यांच्या खाटेवर पुन्हा साऱ्या रानचे गुराखी येऊन बसोत. मंगरूदादा, साहेबांनी माणूस पाठवला होता. तो मी होतो.