बिनरेडिओची गाडी

माझा काका दुकानातून पारखून आणलेला बल्ब घरी आल्यावर पुन्हा लावून बघतो, मगच चपला काढतो. डॉक्टरांनी ‘सगळं उत्तम आहे’ असं सांगितलं की तो दुसऱ्या डॉक्टरकडे जातो, कारण त्याच्या मते सगळं उत्तम असं कुणाचंच नसतं. आम्ही भावंडं त्याला मागून ‘भिंग’ म्हणायचो. हे त्याच्या कानावर गेलं तेव्हा नाव नेमकं कुणी ठेवलं याची त्याने रीतसर चौकशी सुरू केली. ती अजून संपलेली नाही.

नोकरीही त्याला स्वभावाला साजेशीच मिळाली होती. विमा कंपनीतर्फे अपघात झालेल्या गाड्या तपासायच्या. झाडावर आपटली म्हणून आणलेली गाडी खरंच झाडावर आपटली की सख्ख्या भावाच्या ट्रकवर, हे तो पत्र्याला पडलेल्या पोच्यावरून सांगायचा. समोरचा माणूस रडत असला तर काका आधी त्याच्या रडण्याकडे नीट बघून घ्यायचा. लोक त्याला वचकून असायचे आणि त्याला ते आवडायचं, हेही खरंच.

निवृत्त झाल्यावर जुन्या गाड्या जपणाऱ्यांच्या मंडळाने त्याला हौसेने बोलावून घेतलं. या मंडळींची एक गंमत आहे. पूर्वी गाडी नोंदवताना रेडिओ वेगळा मागावा लागे. ज्यांना तो परवडत नसे किंवा नको असे, त्यांना कारखाना रेडिओच्या जागी पत्र्याचं झाकण बसवून देई. तेव्हा ते झाकण म्हणजे मालकाच्या तंगीची जाहिरातच. पुढे बहुतेकांनी ऐपत आल्यावर रेडिओ बसवून घेतले आणि कारखान्यातून आली तशीच राहिलेली गाडी दुर्मिळ झाली. आता तेच झाकण मिरवतात. वार्षिक मेळाव्यात अशा गाड्यांची वेगळी रांग असते आणि तिच्यासमोर गर्दीही जास्त असते. मग लबाडी आलीच. लोक रेडिओ उपटून भंगारातलं झाकण बसवतात आणि छाती फुगवून शेजारी उभे राहतात. नसलेल्या वस्तूची लबाडी पकडायला काकासारखा माणूस शोधून सापडला नसता.

त्याची पद्धत ठरलेली. गाडीपाशी चटई टाकायची आणि डोकं डॅशबोर्डखाली घालायचं. मग मेळाव्यात येणाऱ्याजाणाऱ्यांना काकाचे फक्त पाय दिसायचे. पण त्याआधी मडगार्डच्या आतून हात फिरवायचा. रेडिओ म्हटला की एरियल आली, एरियल म्हटली की पत्र्याला भोक आलं. वरून भोक कितीही सफाईने बुजवलं तरी आतून बोटांना लागतंच. मालक शपथा घेत असताना काकाची बोटं चालू असायची. शपथेवर त्याने आजवर एकही गाडी रांगेत लावू दिलेली नाही.

आता आतोबांबद्दल सांगायला हवं. आत्या म्हणजे काकाची थोरली बहीण, आणि आतोबा तिचे यजमान. ते गेल्या वर्षी गेले. माणूस मोठा गप्पिष्ट. त्यांनी पकडलेला मासा दर सांगण्यात वाढायचा आणि त्यांच्या साहेबाला त्यांनी दिलेली उत्तरं दर वर्षी अधिक सडेतोड व्हायची. आम्ही त्यांच्या गोष्टी निम्म्या करून ऐकायचो. काका सरळ शून्य धरायचा. पण त्यांचं एक वाक्य कधी वाढलं नाही की घटलं नाही. ‘ही गाडी मी रेडिओशिवाय मागवली, आणि हिच्यात रेडिओ कधी बसला नाही.’

ते गेल्यानंतर आत्याने एकच हट्ट धरला. गाडी त्या रांगेत लागली पाहिजे, पुढे त्यांच्या नावाची पाटी लावून. “सगळे हसायचे ना त्यांच्या बोलण्याला?” ती मला म्हणाली. “त्यांची एक तरी गोष्ट खरी होती, हे चारचौघांत दिसू दे.” मी तिला म्हटलं, तपासणारा तुझाच भाऊ आहे, काळजी कसली. आत्या म्हणाली, “म्हणूनच.”

मेळावा एका रिकाम्या गोदामाच्या आवारात होता. गाडी मी चालवत नेली. आत्या शेजारी नवी साडी नेसून, मांडीवर पाटी घेऊन बसली होती. काका चटईसकट हजर होताच, आणि काकूही घडीची खुर्ची टाकून सावलीत बसली होती. काकाने बहिणीला ‘ये’ म्हटलं नाही. गाडी तपासेपर्यंत तो मालकाशी बोलत नाही, मालक कोणीही असो.

मडगार्डखाली त्याचा हात गेला, फिरला आणि एका जागी थांबला. मग तो डॅशबोर्डखाली गेला आणि बराच वेळ तिथेच राहिला. मी वाकून विचारलं, “काय दिसतंय?”

“काहीच नाही. स्क्रूची खूण नाही, ओरखडा नाही, तारेचा तुकडा नाही.”

“मग झालं की!”

“फारच स्वच्छ आहे,” आतून आवाज आला. “इतकं स्वच्छ काही नसतं. कोणीतरी बसून स्वच्छ केलंय.”

मला त्याचे पाय धरून त्याला बाहेर ओढावंसं वाटलं. पुरावा सापडला तर गुन्हेगार, आणि नाही सापडला तर पुरावा लपवणारा गुन्हेगार! या माणसाच्या तावडीतून देव सुटायचा नाही.

काका बाहेर आला आणि त्याने हात पुसले. भोवती पाचसहा जण जमले होते. “ताई, मडगार्डला भोक होतं. बुजवून वरून रंग दिलाय. एरियल होती या गाडीला.”

आत्या भांडेल असं मला वाटलं होतं. ती भाजीवाल्यापुढेही हार मानत नाही. पण तिने काकूकडे चटकन पाहिलं आणि नजर वळवली. तेव्हा मात्र माझ्याही मनात पाल चुकचुकली. म्हणजे आतोबांनी थाप मारली होती, आणि आत्याला ते माहीत होतं?

“बोल ना,” काका म्हणाला. “होती की नव्हती?”

“होती.”

“मग रेडिओही होता.”

“नव्हता.”

“मग एरियल कशाला होती? कपडे वाळत घालायला?”

जमलेले लोक हसले. आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मला तर संताप आला, काकाचा आणि हसणाऱ्यांचाही. तिने पाटी काखेत मारली आणि मला म्हणाली, “चल गं, घरी जाऊ.”

“थांबा ताई,” काकू खुर्चीतून उठून आली. “आता मलाच बोललं पाहिजे. अहो, तुमच्यासाठी मला मागणी घालायला ताई आणि भाऊजी आले होते ते याच गाडीतून. तुम्ही तेव्हा नोकरीच्या गावी होतात. माझे वडील कसे होते ते तुम्हाला ठाऊक आहे. दारात गाडी कसली येते, त्यावरून ते माणूस जोखायचे. त्या दिवशी गाडीवर ही एवढी एरियल होती.”

आत्या दचकली. “तुला आठवतंय?”

“आठवतंय म्हणजे? मोठी माणसं आत बोलत होती, तेव्हा मी हळूच बाहेर येऊन काचेतून डोकावले होते. बाहेर एरियल आणि आत झाकण! मला हसू आवरेना.”

आत्या खाली बघत बोलली, पण आता ती काकाशी बोलत होती. “त्यांनी आदल्या दिवशी आणली ती. नव्याकोऱ्या गाडीला स्वतःच्या हाताने भोक पाडलं. जिवावर आलं होतं त्यांच्या. पण मेव्हण्याचं काम झालं पाहिजे म्हणाले. तारेचं टोक नुसतं पायपुसण्याखाली खुपसून ठेवलं होतं. लग्न ठरलं, तशी काढून टाकली. हिला कधी कळू द्यायचं नाही, अशी शपथ घातली होती मला.”

“आणि मी मनात म्हटलं,” काकू म्हणाली, “ज्या मुलासाठी बहिणीचा नवरा नवी गाडी भोसकतो, त्या मुलात काहीतरी असणार. वडिलांनी एरियल बघून होकार दिला, मी झाकण बघून दिला.”

काका तिच्याकडे बघत राहिला. “आणि मला इतकी वर्षं बोलली नाहीस?”

“बोलले असते तर तुम्ही माझ्या वडिलांकडे खात्री करायला गेला असता.”

पुन्हा हशा झाला. काका हसला नाही. तो मंडळाच्या चिटणीसाकडे वळला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “गाडी रांगेत लावा. चूक माझी झाली.” हे वाक्य मी त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. काकूनेही ऐकलं नसावं, तिच्या चेहऱ्यावरून तरी तसं वाटलं. त्याने पाटी मागून घेतली, गाडीपुढे सरळ उभी केली, आणि आता सगळं मिटलं अशा समाधानाने बहिणीजवळ आला.

आत्याचे डोळे कोरडे झाले होते. ती त्याला नीट निरखत होती.

“एक विचारू?” ती म्हणाली. “तुझा हात त्या भोकावर जायच्या आधीच तू ठरवलं होतंस ना, की ते खोटं बोलत होते?”

“नाही गं ताई! असं कसं म्हणतेस?”

“कशावरून?” आत्याने विचारलं.

आत्या त्याच्या उत्तरासाठी तशीच उभी राहिली.