सोनुबाई आणि चावरा कर्नल

दुपारी बेळगावातलं आमचं अनगोळ झोपतं. भांडी घासून पालथी पडलेली असतात, कुत्री रिक्षांच्या सावलीला गेलेली असतात, आणि समोरच्या घराच्या खिडकीतून सोनुबाईंचं हळू बोलणं ऐकू येतं. त्या कुणाशी बोलतात हे मला बरेच दिवस कळेना. मुलगी पारमिता बँकेत गेलेली, जावई हुबळीला नोकरीला, महिन्यातून एकदाच घरी. शेवटी मी जाऊनच बघितलं. दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायची मला हौस आहे, ते लपवून काय करायचंय. तर सोनुबाई पोपटाशी बोलत होत्या, आणि पोपट त्यांना चावत होता.

सोनुबाई निपाणीच्या. उभा जन्म तंबाखूच्या वखारीत गेला. चाळायचं, पाखडायचं, देठ वेचून बाजूला टाकायचे. उन्हाचा कवडसा आत आला की धुळीची सोनेरी भिंतच उभी राहायची, असं त्या सांगायच्या, आणि सांगताना त्यांचे डोळे कुठेतरी लांब जायचे. नाकातोंडावर पदर घट्ट बांधून सगळ्या बायका कामाला बसायच्या. डोळ्यांवरूनच एकमेकींना ओळखायच्या, डोळ्यांनीच हसायच्या. त्या धुळीतून त्यांनी पारमिताला शिकवलं, आणि पारमिता बेळगावात अधिकारी होऊन, घर घेऊन, आईला इकडे घेऊन आली. आराम कर म्हणाली. आराम म्हणजे काय करायचं हे मात्र सोनुबाईंना कुणी सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात लष्कराच्या कॅम्पातल्या एका सुभेदाराची बदली आसामला झाली. त्याच्याकडे परदेशी जातीचा एक पोपट होता. अंगानं करडा, शेपूट लालभडक, नाव कर्नल. सुभेदारानं त्याला आपल्याहून वरचा हुद्दा दिला होता, आणि पोपट तो मनापासून मिरवायचा. सुभेदाराची बायको पारमिताच्या बँकेत यायची. इतक्या लांब पोपट कसा न्यायचा म्हणून तिनं विचारलं, आणि पारमिताला वाटलं, आईला सोबत होईल.

सोबत झाली खरी. सोनुबाई सकाळी पेरू कापून ठेवायच्या, मक्याचे दाणे सोलायच्या, निपाणीच्या सगळ्या कथा त्याला सांगायच्या. तो मान वाकडी करून ऐकायचा. पण पिंजरा झाडायला हात आत घातला की चोच अशी रुतायची की रक्तच यायचं. पारमिताच्या हातून मात्र तो शहाण्या मुलासारखा खायचा. माझ्याही बोटाला कधी लागलं नाही.

गल्लीनं उपाय सुचवले. माझा सगळ्यांत भारी होता. मूल अंगठा चोखायला लागलं की आमच्याकडे त्याला मिरची लावतात. मी घरचा संकेश्वरी मिरचीचा ठेचा वाटीभर नेऊन दिला आणि पिंजरा झाडायच्या आधी बोटांना लावायला सांगितलं. पाखरांना तिखट लागतच नाही, हे मला कुठून माहीत असणार? कर्नलनं बोटं चाटून पुसून साफ केली, आणि आणखी आहे का बघायला एक कडकडून चावा घेतला. जखमेत ठेचा गेलेल्या सोनुबाई पुढं बरेच दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. त्यांचं बरोबरच होतं.

सोनुबाईंना शुगर होती. बोटं भरून येईनात, एक तर सुजून टम्म झालं. पारमिता घाबरली. कणकुंबीजवळ भावकू म्हणून कुणी पर्यटकांसाठी खोल्या चालवतो, त्याच्याकडे जाळीचा मोठा पिंजरा आहे, तो रविवारी येऊन कर्नलला नेणार असं तिनं ठरवून टाकलं. सोनुबाईंनी कणकुंबीला पाऊस किती पडतो एवढंच मला विचारलं. धो धो, असं सांगायचं मी टाळलं.

त्यांना पोपट जायचं दुःख होतंच. पण त्याच्याखाली दुसरंच एक ठसठसत होतं. शनिवारी दुपारी त्या अंगणात लिंबानं हात घासत बसल्या होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "त्याला वास येतोय गं माधवी. पारमीला चावत न्हाय, तुला चावत न्हाय. वखारीची बाई हाय म्हणून वळखलंय त्यानं मला."

मी काहीतरी गुळमुळीत बोलले. मला फार वाईट वाटलं, आणि कर्नलचा असा राग आला की त्याची मुंडी मुरगाळावी.

थोड्या वेळानं मी ताक घेऊन त्यांच्याकडे गेले. पिंजरा झाडता झाडता थकून त्या खुर्चीतच झोपल्या होत्या. झाडताना कर्नलच्या पिसांतून पांढरा भुगा उडतो, म्हणून त्यांनी नेहमीसारखा पदर नाकातोंडावरून बांधलेला. निपाणीची बाई धूळ दिसली की पदर बांधणारच, त्यात मला कधीच काही वावगं वाटलं नव्हतं. झोपेत तो सुटून गळ्यात आला होता. पिंजऱ्याचं दार उघडं. खिडकीतून पिवळं ऊन आत आलेलं, त्यात भुगा हळूहळू तरंगत होता, आणि सगळं घरच पाण्याखाली असल्यासारखं दिसत होतं.

कर्नल बाहेर आला. खुर्चीच्या हातावर, मग दंडावर, मग खांद्यावर. ती चोच गालाजवळ बघून मी दारातच थांबले. त्यानं सोनुबाईंचा चेहरा एका डोळ्यानं बघितला, मान फिरवून दुसऱ्या डोळ्यानं बघितला. पुष्कळ वेळ बघितला. मग कानावरचा एक पांढरा केस चोचीत हलकेच धरून तो टोकापर्यंत विंचरत गेला. मग दुसरा. सोनुबाई झोपेत हसल्या.

त्या जाग्या झाल्या तरी हलल्या नाहीत. पण नाकाला भुगा लागला असावा, सवयीनं हात गेला आणि पदर वर आला. त्याबरोबर कर्नलची पिसं अंगाला चिकटली, चोच उघडली.

"आक्का, पदर सोडा," मी हळूच म्हणाले.

त्यांनी सोडला. कर्नल निवला, आणि पुन्हा केसांना लागला. सोनुबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, ते त्यांनी पुसलंही नाही.

"वास न्हाय गं," त्या म्हणाल्या. "त्याला मी दिसतच न्हवते."

रविवारी भावकू जीपमध्ये पिंजरा घालून आला. सोनुबाई तोंडावर पदर न बांधता दारात बसल्या होत्या, खिडक्या सताड उघड्या, झाडू पारमितानं हातातून काढून घेतलेला. कर्नल त्यांच्या सुजलेल्या बोटाशेजारच्या बोटावर बसून पेरू खात होता. पदराची गोष्ट मी पारमिताला आदल्या दिवशीच सांगितली होती. ती आईकडे बघत राहिली. मग एकदम तिथंच पायरीवर टेकली.

"मला आठवतंय, आई," ती म्हणाली. "वखार सुटायची तेव्हा मी फाटकात उभी असायचे. सगळ्या बायका तोंड बांधलेल्या. तू जवळ घ्यायला आलीस तरी मी भ्यायचे. पदर काढेपर्यंत रडायचे."

सोनुबाईंनी मोकळ्या हातानं तिच्या गालावरची बट मागे सारली.

"रडत न्हवतीस," त्या म्हणाल्या. "चावत हुतीस."